हॅमॉकमध्ये रात्र काढणाऱ्यांनो, जरा इकडे या (सह्याद्री आणि कोकणापुरतं)

पानगळ | गुरु, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी,

तंबू घेऊन बरंच फिरून झालंय, राजमाची, भंडारदरा, पवनेचा काठ वगैरे नेहमीचंच. आता या थंडीत हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांच्या मध्ये टांगलेल्या कापडी झोळीत, झोपून बघायचं डोक्यात आहे. पण यूट्यूबवर जे काही दिसतं ते सगळं अमेरिकेतलं नाहीतर फिनलंडमधलं, सरळसोट पाइनची झाडं, खाली मऊ शेवाळ, ना मच्छर ना मुंगी. आपल्याकडे ताम्हिणीच्या बाजूला किंवा दिवेआगरच्या सुरूच्या बनात हे प्रकरण कसं निभतं ते कोणी बोलतच नाही.

शंका बऱ्याच आहेत. पाठ धरत नाही का, कुशीवर वळता येतं का, मी ५ फूट १० आणि वजन ८० च्या घरात तर झाड कसलं बघायचं, झाडाला बांधायला दोरी चालते की पट्टाच लागतो, डिसेंबरात खालून वारा लागला तर काय करायचं, आणि एवढं सगळं घेतल्यावर तंबूपेक्षा ओझं खरंच कमी होतं का की नुसतीच हवा आहे. बायको पण येणार आहे, तिचा पहिला प्रश्न "साप?" आणि दुसरा "कपडे कुठे बदलायचे?". विकत अजून काहीच घेतलेलं नाही, तेव्हा जाणकारांनी प्रकाश टाकावा आणि जमतील तितके पैसे वाचवावेत ही विनंती.

ताकभात | गुरु, रात्री ११:०२

रुमाल टाकून ठेवतो. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.
(अवांतर: फिनलंडला मच्छर नाहीत हे कोणी सांगितलं? जुलैत जाऊन या एकदा.)

घाटवाट | गुरु, रात्री ११:४०

पानगळ, ऊसतोडीच्या फडावर बायका लेकराला झोळी बांधतात ती कधीतरी नीट बघ. ताणून बांधलेली झोळी दिसणार नाही कधी. चांगली सैल, पोट खाली सुटलेलं, आणि पोर आत गाढ. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, सपाट होईल या आशेने कापड जीव खाऊन ओढतो आणि मग रात्रभर दोन्ही कडा खांद्यांना आवळत बसतात.

हिशोब सोपा आहे. पट्टा आडव्या रेषेपासून ३० अंशांवर उतरत असेल तर एकेका पट्ट्यावर तुझ्या वजनाइतकाच ताण येतो, म्हणजे ८० किलोच्या माणसाला ८०. तोच कोन १० अंशांवर आणलास की २३० किलो. ५ अंशांवर साडेचारशेच्या वर. माणूस तोच, हॅमॉक तोच, पण पट्टा, शिवण, कडी आणि झाड सगळ्यांची परीक्षा. ३० अंश मोजायला काही लागत नाही, तर्जनी आडवी आणि अंगठा सरळ वर धर, अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरकी रेघ मनात येते ती पट्ट्याला जुळली की झालं.

याहून पक्का उपाय म्हणजे रिजलाइन. हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून एक न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून टाकायची, लांबी कापडाच्या ८३ टक्के. कापड ३३० सेंमी असेल तर दोरी २७४ सेंमी. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळ रोज तोच मिळतो. आत बसल्यावर ही दोरी चिमटीत धरून थोडी वाकवता आली पाहिजे, टणक लागली तर पट्टे ढिले कर.

आता पाठीचं. लांबीच्या रेषेत मधोमध झोपायचंच नाही! डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, असं तिरकं. तिरकं झालं की कापड पाठीखाली जवळपास सपाट होतं आणि कुशीवरही आरामात वळता येतं. पालथं झोपणाऱ्यांनी मात्र नाद सोडावा. पायाकडचं टोक वीतभर वर बांध, नाहीतर झोपेत घसरत घसरत मध्ये येशील. आणि हे तिरकं झोपणं जमायला कापड लांब लागतं. स्वस्तात जी २६०-२७० सेंमीची मिळतात ती दुपारी आंब्याखाली पुस्तक वाचायला ठीक, तुझ्या उंचीला रात्रभर नाहीत, गुडघे उलटे ताणले जातात. ३०० च्या वरचंच घे, ३३० मिळालं तर सोडू नको. रिसॉर्टात दोन्ही टोकांना लाकडी दांडी लावलेली जाळीची असतात त्यांचा विचारही नको, कूस बदलली की माणूस जमिनीवर.

उंची किती? बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर यावं. दोन झाडांत साडेचार मीटर अंतर असेल तर त्यासाठी पट्टे खोडावर सहा फुटांच्या आसपास येतात. उंच बांधून फोटो काढायची हौस असेल तर फोटो काढून परत खाली बांध.

शंकासुर | शुक्र, सकाळी ८:१५

एक कळत नाही, मॅट अंथरून देवळाच्या ओसरीत झोपणारे आम्ही, आमचं काय वाईट झालं इतकी वर्षं? आणि सह्याद्रीत झाडं आहेत कुठे? हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला कशाला बांधणार, ढगाला? हघ्या (हलकेच घ्या).

घाटवाट | शुक्र, सकाळी ९:०५

शंकासुर, अर्धा मुद्दा शंभर टक्के मान्य. माथ्यावर आणि सड्यावर हॅमॉकचं काम नाही, तिथे ओसरीच बरी. कास पठारावर हॅमॉक घेऊन जाणारा माणूस मी बघितलाय, त्याचं पुढे काय झालं ते विचारू नका.

पण घाटाच्या पोटातली जी उताराची दगडाळ रानं आहेत, जिथे तंबूला सपाट जागाच सापडत नाही, सापडली तर नेमकी वाटेत असते नाहीतर पावसाच्या वाहाळात, तिथे हॅमॉकला तोड नाही. खाली दगड असोत चिखल असो की मुळं असोत, तुम्हाला काय त्याचं. खाली एक बॅग ठेवण्यापुरती जागा मिळाली की मुक्काम झाला.

उनाडमैना | शुक्र, दुपारी १:२०

घाटवाट काकांनी टांगायचं सगळं सांगितलंच आहे. पण खरा दगा देते ती थंडी, म्हणून तो विषय मी काढते.

स्लीपिंग बॅग कितीही भारी घ्या, अंगाखालचा भाग चेपला जातो आणि चेपलेल्या भरणात हवाच राहत नाही, मग ऊब राहणार कशात? तंबूत निदान खाली जमीन असते, इथे वारा असतो. पारा वीस-एकवीसच्या खाली गेला की पाठीला कळायला लागतं. म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबर संपला की भंडारदऱ्याला, आंबोलीला, महाबळेश्वरच्या बाजूला रात्री खालची सोय लागणारच. वरून तीन पांघरुणं घेऊन उपयोग शून्य. पहाटे तीनला बूड बर्फ झालं की माणूस उठून चुलीपाशी जाऊन बसतो आणि सकाळी सगळ्यांना सांगतो हॅमॉक भंगार आहे.

पहिल्या वर्षी पैसे घालू नका. जी फोमची मॅट तंबूत वापरता तीच आत टाका. दुपदरी कापडाचा हॅमॉक असेल तर दोन पदरांच्या मध्ये सारा, म्हणजे रात्री निसटत नाही. एकपदरी असेल तर ती तुमच्याआधी बाहेर पडते. खांदे मॅटच्या बाहेर येतात तिथे गाडीच्या काचेला लावायचा तो चंदेरी पडदा आडवा घातला तर बराच फरक पडतो.

त्यापुढची पायरी म्हणजे अंडरक्विल्ट, हॅमॉकच्या बाहेरून खाली टांगलेली दुलई. विकतची महाग आहे. मी जुन्या सिंथेटिक स्लीपिंग बॅगची केली. चेन उघडून सपाट केली, दोन्ही लांब कडांना नेफा घातला, आत इलॅस्टिकची गोल दोरी ओवली, डोक्याकडच्या आणि पायाकडच्या कडेलाही तसंच, आवळलं की चुण्या पडून तोंड बंद होतं. ती चार टोकांनी रिजलाइनच्या टोकांना अडकवायची. मशीन असेल तर दुपारभराचं काम आहे. खरी मेख आहे ती लावण्यात. ती कापडाला सगळीकडे लागलेली हवी पण दबलेली नको. एकाने आत झोपायचं आणि दुसऱ्याने बाहेरून खांदे, कंबर, पोटऱ्या यांच्या खाली हात सरकवून बघायचं. कुठे पोकळी लागली की तिथून रात्रभर वारा वाहणार समजा. टोकाची दोरी अर्धा इंच इकडे-तिकडे केली की कळतं काय ते.

आता वहिनींचे प्रश्न. साप: मण्यार रात्री जमिनीवरच्या अंथरुणात शिरते हा आपल्याकडचा मोठा धोका, तो इथे जवळपास मिटतो कारण जमिनीवर अंथरूणच नाही. पण उतरताना टॉर्च मारल्याशिवाय पाय टेकवायचा नाही. बूट खाली ठेवायचे नाहीत, लेस बांधून पट्ट्याला टांगायचे, सकाळी झटकून घालायचे, विंचू नावाचा प्राणी आहे. कपडे: वरचं टार्प (छतासारखी ताणायची ताडपत्री) एका बाजूने जमिनीपर्यंत उतरवलं की आडोसा तयार, तंबूत कोंबून बदलण्यापेक्षा उलट बरं, सरळ उभं राहता येतं.

मच्छरदाणी मात्र हवीच आणि ती खालूनही गुंडाळणारी हवी. पातळ कापडातून खालून डास चावतात, अगदी पँट घालून झोपलं तरी. खाली मॅट किंवा दुलई असली की तो प्रश्न आपोआप सुटतो.

पानगळ | शुक्र, दुपारी २:०५

उनाडमैना ताई दंडवत. हे खालून चावणं माझ्या डोक्यातही नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं, सापावर समाधान झालंय, विंचवावर नाही.

सुपारीबाग | शुक्र, संध्याकाळी ६:४४

कोकणात येणार म्हणता तर चार गोष्टी आमच्याकडच्या.

माडाखाली बांधू नका. माडाला बांधायला माझी हरकत नाही, खोड घट्ट असतं, पण वर नारळ असताना त्याखाली डोकं ठेवून झोपणं म्हणजे कमालच आहे. नारळ नाही पडला तरी वाळलेली झावळ पडते, ती काय हलकी नसते. पर्यटक मंडळी नेमके दोन माड बघून बांधतात कारण फोटो चांगला येतो.

पोफळीला तर अजिबात नाही. खोड मनगटापेक्षा थोडं जाड, त्यावर ८० किलो आडवे ओढायचे म्हणजे झाड आमचं आणि हाड तुमचं.

सुरूचं बन चांगलं, झाडं सरळ, अंतर बरं. फक्त समुद्राच्या अगदी कडेची रांग सोडा. लाटांनी वाळू खाल्लेली असते, मुळं उघडी पडलेली असतात, ती झाडं पावसाळ्यात एकेक करून आडवी होतात. आतल्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत या, वाराही कमी लागतो.

आंबा-फणस-काजूवर चढणाऱ्या तांबड्या मुंग्या बघून घ्या. पानं एकमेकांना चिकटवून चेंडूएवढी घरटी केलेली असतात. पट्टा म्हणजे त्यांना सरळ रस्ता, तासाभरात सगळी पलटण तुमच्या अंथरुणात. घरटं दिसलं की झाड बदला, मारायच्या भानगडीत पडू नका.

आणि बाग कोणाची ते विचारा हो. इथे मोकळं दिसणारं प्रत्येक आवार कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. विचारलंत तर वर चहा पण मिळेल. न विचारता बांधलंत तर सकाळी चहा न देता उठवू.

वेळास-आंजर्ल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल कासवांचे दिवस असतात, किनाऱ्यालगत रात्री पांढरे झगझगीत दिवे लावून बसू नका.

शंकासुर | शुक्र, संध्याकाळी ७:३०

"झाड आमचं आणि हाड तुमचं" =)) =))
चिंचेचं आणि पिंपळाचं काय? मुंजाची परवानगी कोणाकडून घ्यायची?

हिरडा | शुक्र, रात्री ९:५५

मुंजाचं शंकासुरांनी बघावं, त्यांची ओळख असेल. मी दिसणाऱ्या गोष्टींबद्दल लिहितो.

झाड निवडताना आधी खाली नाही, वर बघायचं. वाळलेली फांदी अडकून राहिलेली आहे का, खोडाला भोक किंवा बुरशी आहे का, आणि आग्या मोहोळ आहे का. या तिन्हीपैकी काहीही दिसलं तर तिथून हलायचं. आग्या माशा उठल्या तर हॅमॉकमधून बाहेर पडेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि धूर केलेला त्यांना चालत नाही, म्हणजे मोहोळाच्या आसपास चूलही नको.

खोड मांडीएवढं तरी जाड हवं. बांधल्यावर झाडाचा शेंडा हलताना दिसला तर ते झाड नाही. शेवगा, पांगारा, गुलमोहर ठिसूळ. पांगाऱ्याला आणि काटेसावरीला काटेही असतात, पट्टा फाटतो. जांभूळ खोडाला चांगलं पण त्याच्या फांद्यांचा भरवसा नाही, कोणत्याही गावात विचारा जांभळावरून पडलेला एक तरी माणूस निघेल. बिब्बा ओळखायला शिका, त्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात आणि आठवडाभर ट्रेक आठवत राहतो. अंजन, हिरडा, ऐन, आंबा ही बिनघोर. हिरड्याबद्दल मी थोडा पक्षपाती असू शकतो.

दोरी नको, पट्टाच. कमीत कमी इंचभर रुंद. बारीक दोरी सालीत रुतते आणि सालीच्या लगेच खालून झाडाचं अन्न वाहत असतं, तिथे जखम झाली की झाडाला बरं व्हायला वेळ लागतो. खिळा, हूक, फांद्या तोडणं हे तर बोलायलाच नको.

आता जागा. अभयारण्यात रात्री राहायला आपल्या मर्जीने मिळत नाही. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, वासोट्याला बामणोलीहून बोटीने जाऊन संध्याकाळच्या आत परतच यावं लागतं. हॅमॉक जमिनीला टेकत नाही त्यामुळे तो कॅम्पिंगमध्ये धरत नाहीत असा युक्तिवाद एका ग्रुपवर वाचला, वनरक्षकासमोर करून बघा आणि काय होतं ते इथे लिहा. सरळ मार्ग म्हणजे वस्तीजवळची खाजगी जागा, मालकाला विचारून. जेवणही तिथेच घ्या, त्यांना चार पैसे मिळतात आणि तुमचा स्टोव्ह घरी राहतो.

देवराईत बांधू नका. तिथलं वाळलेलं पानही गाव उचलत नाही, आपण जाऊन पट्टे आवळायचे हे बरं दिसत नाही. झाडं तिथली सगळ्यात सुंदर असतात हे मला माहीत आहे, तरीही.

अजून एक. दोडामार्ग भागात आणि पलीकडे गोव्यात सत्तरीला माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. हा गोचिडीतून येतो आणि डिसेंबर ते मे हाच त्याचा हंगाम, म्हणजे नेमका आपला फिरायचा. हॅमॉकमध्ये झोपल्याने गोचीड टळत नाही, ती दिवसा पाचोळ्यातून चालताना पायाला लागते. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी अंग तपासा, आणि रानात मेलेलं माकड दिसलं तर तिथे थांबू नका, आरोग्य केंद्रात कळवा.

रॅलेकर | शनि, पहाटे ४:३० (इकडे शुक्रवारची संध्याकाळ)

नॉर्थ कॅरोलायनाहून लिहितोय, इकडे अ‍ॅपलेशियनमध्ये हॅमॉकवाले ढिगाने आहेत कारण झाडंच झाडं आणि सपाट जागा दुर्मिळ. हिरडा म्हणतात तेच इकडेही, स्मोकी माउंटन्समध्ये हॅमॉक ठरलेल्या कॅम्पसाइटमध्येच बांधायचा, शेल्टरच्या खांबाला बांधायचा नाही.

पट्टे पॉलिएस्टरचे घ्या, नायलॉनचे नको. नायलॉन ओला झाला की ताणतो, रात्री दीड फुटावर झोपलात तर सकाळी जमिनीवर उठता. नवशिक्यांसाठी जागोजागी फासे शिवलेले पट्टे सोपे, कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) वरच्या नाहीतर खालच्या फाशात अडकवला की काम झालं. बकलवाल्या पट्ट्यात बारीक फेरफार करता येतो. इकडे दर्दी लोक डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या दोरीच्या व्हूपी स्लिंग (लांबी कमी-जास्त करता येणारा फास) वापरतात, वजन नगण्य आणि ताकद अफाट, पण ती दोरी गुळगुळीत असते, साधी गाठ सरकते, आणि झाडाभोवती थेट कधीच गुंडाळायची नाही, साल कापते. कॅरॅबिनर किल्लीला लावायचा खेळण्यातला नको, वजन छापलेला घ्या.

टार्पबद्दल: ३ बाय ३ मीटरचं चौकोनी टार्प असेल तर ते कर्णावर लावा, वरची रेघ सव्वाचार मीटरची मिळते, ३३० च्या हॅमॉकला पुरून उरते. टार्पची दोरी वेगळी बांधायची, हॅमॉकच्या पट्ट्यावर नाही, कारण तुम्ही आत बसलात की पट्टे खाली येतात आणि टार्प सैल होतं. बाजूच्या दोऱ्यांना सुरगाठ मारा म्हणजे पहाटे गारठलेल्या बोटांनी एका झटक्यात सुटते, निरगाठ मारलीत तर दातांनी सोडवत बसाल. पावसात पाणी पट्ट्यावरून वाहत आत येतं, त्यासाठी हॅमॉकच्या टोकाच्या जरा अलीकडे पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडायचा, पाणी तिथून खाली टपकतं. एवढीशी सुतळी पण हीच लोक विसरतात.

वजनाबाबत खरं सांगतो. हॅमॉक, पट्टे, टार्प, जाळी आणि मॅट मिळून दोन-सव्वादोन किलो होतातच. एकट्याला तंबूच्या बरोबरीचं किंवा किंचित कमी. दोघं असाल तर दोघांत एक तंबू हलका पडतो, कारण हॅमॉक प्रत्येकाला वेगळा लागतो. "डबल" लिहिलेल्यात दोघांनी झोपायचं नसतं, तो एकाच माणसाला ऐसपैस असतो.

ताकभात | शनि, सकाळी १०:१०

म्हणजे वजन वाचत नाही, पैसे वाचत नाहीत, जागा आपली नाही, वर नारळ, खाली विंचू, खोडावर मुंग्या, पायाला गोचीड. मी कधी निघू?

घाटवाट | शनि, सकाळी १०:३२

ताकभात, झोप वाचते. सपाट कातळावर सकाळी सहाला पन्नाशीतल्या माणसाची कंबर कशी असते ते तुला अजून दहा-पंधरा वर्षांनी कळेल.

पानगळ | शनि, सकाळी ११:१५

आधी घरी सराव करू का? गच्चीवर टाकीच्या लोखंडी पाइपला एक टोक आणि कठड्याच्या खांबाला दुसरं, अंतर अगदी बरोबर बसतंय. किंवा हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या आहेत.

घाटवाट | शनि, सकाळी ११:२१

नाही! गच्चीवर अजिबात नाही. झाड जमिनीत रुतलेलं असतं, विटांचा खांब नुसता उभा असतो. ३० अंशांवर सुद्धा त्याला तुझ्या वजनाच्या जवळजवळ ८७ टक्के आडवी ओढ बसते, आणि तो पडतो तेव्हा तुझ्या अंगावर पडतो कारण ओढणारा तूच. टाकीचे पाइप, गॅलरीचं ग्रिल, गेटचे खांब, सगळ्यांना हेच लागू.

झोपाळ्याच्या कड्या स्लॅबमध्ये पक्क्या असतात पण त्या सरळ खाली ओढ घेण्यासाठी, आणि अंतर चार-पाच फूट. ११ फुटी हॅमॉक तिथे लावलास तर चिमटल्यासारखा होईल. कोणाच्या तरी शेतावर जा.

पानगळ | रवि, रात्री ९:४०

मामाच्या शेतावर भोरला जाऊन आलो. ऑफिसातल्या मित्राचा ३२० सेंमीचा हॅमॉक उसना मिळाला, पट्टेही त्याचेच. दोन आंबे, अंतर चौदा-पंधरा फूट, वर बघितलं, मुंग्या नव्हत्या, मोहोळ नव्हतं. रिजलाइन नव्हती म्हणून नायलॉनची बारीक दोरी २६५ सेंमीवर बांधली. तिरकं झोपल्यावर जो फरक पडतो तो शब्दांत सांगता येत नाही, एकदम पाठीखालचा गोळा गेला. दुपारी जेवून जो पडलो तो साडेचारला मामाने हलवला.

पण एक त्रास आहे. पोटरीखाली कापडाची एक कडक घडी येते, अगदी दोरी रुतल्यासारखी, उजव्या पायाला जास्त. मांडी हलवली की सरकते आणि परत येते. यावर काय उपाय?

उनाडमैना | रवि, रात्री १०:०५

ती घडी सगळ्यांना भेटते. पाय अजून थोडे बाहेरच्या बाजूला न्या, डोकं तिथेच ठेवा. पायाकडचं टोक आणखी चार बोटं वर घेऊन बघा. तरी राहिली तर गुडघ्याखाली जाकीट गुंडाळून ठेवा, घडीवर पाय टेकतच नाही. आणि बाजू बदलून बघा, मी कायम डोकं डावीकडे पाय उजवीकडे झोपायचे, उलट केल्यावर मला जास्त बरं वाटलं. ज्याची त्याची बाजू वेगळी असते, पण जाळीची चेन ज्या बाजूला आहे तीच बाजू धरून कंपन्या आकार देतात, तेवढं विकत घेताना बघून घ्या.

रॅलेकर | सोम, पहाटे ५:१०

+१. आणि ती नायलॉनची रिजलाइन बदला, ती ताणते, मग ८३ टक्के कागदावरच राहतात.

शंकासुर | सोम, सकाळी ८:४०

बिबट्याचं कोणीच बोललं नाही. टांगलेलं जेवण दिसणार त्याला.

हिरडा | सोम, सकाळी ९:३०

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात उसाच्या फडालगत उघड्यावर झोपूच नका, हॅमॉक नको, तंबू नको, खाट पण नको. तिथले लोकही झोपत नाहीत. बाकी ठिकाणी वस्तीजवळ राहा, गावकऱ्यांना विचारा की अलीकडे काय दिसलं, त्यांना नक्की माहीत असतं. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला गव्यांच्या पाणवठ्याच्या वाटेवर बांधू नका, तिलारीच्या खोऱ्यात हत्ती फिरतात तिथे तर मुक्कामाचा विचार घरात असेल तरच. वाट ओळखायची तर शेण आणि खुरांचे ठसे बघा, हॅमॉक आडवा असतो आणि जनावर अंधारात वळसा घालेलच असं नाही.

पानगळ | सोम, दुपारी १२:५०

बरं, ठरवलंय असं. पहिली रात्र कोकणात, कारण थंडी कमी, मॅटवर भागेल. दुलई शिवून झाली की जानेवारीत घाटावर. दोन हॅमॉक, तीन झाडं धरून, मधलं झाड दोघांना सामाईक, चालेल ना? आणि पाऊस नसताना टार्प न्यायचं की नाही? तारे बघायचेत.

घाटवाट | सोम, दुपारी १:२५

मधलं झाड जाडजूड असेल तर चालेल, दोन पट्टे वर-खाली बांध, एकमेकांवर नको. डोक्याची टोकं त्या झाडाकडे ठेवा म्हणजे रात्री बोलता येतं आणि एक वळला की दुसरा हलत नाही.

टार्प ने. डिसेंबरात कोकणात दव इतकं पडतं की सकाळी पांघरूण पिळून काढावं लागतं. एक बाजू उचलून झाडाला बांध, अर्धं आकाश दिसतं, दव येत नाही. पूर्ण उघडं झोपायचं असेल तर मार्च-एप्रिल. पावसाळ्यात पहिल्या वर्षी नको, घाटात झडी आडवी येते, तिथे टार्पची चारही टोकं जमिनीपर्यंत उतरवून खुंट्या ठोकायचा सराव लागतो.

सुपारीबाग | सोम, दुपारी ३:०८

आमच्याकडे या. बागेच्या मागे आंबा, फणस आणि एक जुनं बकुळीचं झाड आहे, तिघांत अंतर साडेचार-पाच मीटर असेल, उद्या दोरी घेऊन मोजतो. फणसावर मुंग्या आहेत का तेही बघतो. पट्टे रुंद आणा. जेवायला मासे चालतात की शाकाहारी ते कळवा, आणि गाडी वरच्या रस्त्याला लावा, खाली वळत नाही.